जास्वंदीतून निघालेली रांगोळी: फुलाचा क्लोजअप फोटो आणि डिजिटल आर्ट एकत्र कसं करायचं

फुलांचे क्लोजअप फोटो काढणारे खूप आहेत आणि टॅबवर चित्रं काढणारेही खूप आहेत, पण दोन्ही एकत्र करायला गेलं की बऱ्याचदा होतं काय, फोटो वेगळा दिसतो आणि त्यावरची फुलपाखरं, चांदण्या, सोनेरी नक्षी वरून चिकटवल्यासारखी दिसते. मीही सुरुवातीला दोन वर्षं तेच करत होते, आणि काहीतरी खटकतंय एवढंच कळायचं, काय खटकतंय ते कळायचं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की रेष माझ्या डोक्यातून येत होती, फुलातून नाही. फुलात आधीच एवढी रचना असते, शिरा, ठिपके, घड्या, की चित्र तिथूनच सुरू करायचं आणि फूल जिथे संपतं तिथून पुढे न्यायचं. खाली जे सांगतेय ते सगळं यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून साधी लाल जास्वंद घेऊ, पाच पाकळ्यांची, डबलवाली नको कारण तिच्यात मधला भाग पाकळ्यांत लपतो. आमच्या गॅलरीत एक कुंडी आहे आणि सकाळी आईला गणपतीला वाहायला फूल लागतं, त्यामुळे माझं पहिलं काम म्हणजे आदल्या रात्री सांगून ठेवणं, "आई, उद्या ते वरचं फूल ठेव हं माझ्यासाठी." जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटून मऊ पडतं, म्हणजे तुमच्या हातात एकच दिवस आहे, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन तीन तासच.

कॅमेरा हातात घेण्याआधी पाच दहा मिनिटं नुसतं बघा. खरंच बघा. पाकळ्या एकावर एक कशा येतात बघा, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, त्यामुळे सगळं फूल पंख्याच्या पात्यांसारखं एका दिशेला फिरतंय असं वाटतं. प्रत्येक पाकळीच्या शिरा तळातल्या गडद भागातून निघून कडेकडे पसरत जातात. मधोमध ती लांब नळी, तिच्या वरच्या अर्ध्या भागावर चहूबाजूंनी बारीक दांड्या आणि दांड्यांच्या टोकाला पिवळे परागकोश, आणि सगळ्यात शेवटी पाच छोट्या लाल मखमली टिकल्या. जवळून पाहिलं तर परागकण सुटे सुटे दिसतात, बारीक पिवळ्या रव्यासारखे, एखाद दोन पाकळीवर सांडलेलेही असतात. हे सांडलेले कण बघूनच मला रांगोळीच्या ठिपक्यांची आठवण झाली आणि हे चित्र सुचलं. तुम्हाला दुसरं काही दिसेल, पण जे दिसेल ते वहीत पेन्सिलीने दोन रेघांत उतरवून ठेवा, नंतर स्क्रीनसमोर बसल्यावर आठवत नाही. आणि हो, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण नेहमी असतो, कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा, तो मऊ ब्रशने आधीच काढून टाका, क्लोजअपमध्ये तो फार मोठा दिसतो.

प्रकाश. कोवळं ऊन किंवा ढगाळ आभाळ चांगलं, थेट ऊन नको. ऊन आलंच तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये बटर पेपर धरा, घरात असतोच. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा धरला की सावलीतली पाकळी उजळते. मला प्रकाश एका बाजूने थोडा मागून आलेला आवडतो, त्यात पाकळीतून उजेड आरपार येतो आणि शिरा उठून दिसतात, ज्या आपल्याला पुढे चित्रात हव्या आहेत. प्रकाश कुठून आला ते लिहून ठेवा, चित्र काढताना लागणार आहे.

वारा हा या कामातला सगळ्यात मोठा वैरी. कुंडीत एक काठी खोचायची, कपड्याचा चिमटा घ्यायचा आणि देठ त्याने हलकेच काठीला धरायचं, चिमट्याच्या दातात कापूस ठेवा म्हणजे देठ चेपत नाही.

आता मोबाईल की कॅमेरा. दोन्ही चालतं. मोबाईलमध्ये मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो काढायची सोय) असेल तर वापरून बघा, पण बऱ्याच स्वस्त फोनमध्ये मॅक्रोसाठी वेगळा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो, त्याच्यापेक्षा मेन कॅमेऱ्याने थोडं लांबून २एक्सवर काढून क्रॉप केलेला फोटो बऱ्याचदा चांगला येतो. शिवाय एकदम जवळ गेलं की फोनचीच सावली फुलावर पडते. कॅमेरा असेल आणि मॅक्रो लेन्स महाग वाटत असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, त्यात काच नसतेच, नुसती पोकळ नळी, लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपपासून, लांब नेते म्हणून जवळचं फोकस होतं. जवळ गेलं की प्रकाश कमी होतो हे लक्षात ठेवा, फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं यायला लागलं की उजेड साधारण चौथाईवर येतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मी एफ ८ ते एफ ११ ठेवते, आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान आणि जास्त भाग शार्प, हातात कॅमेरा असेल तर शटर निदान १/२०० सेकंद, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, त्याप्रमाणे वाढू देते. एफ १६ च्या पुढे जाऊन फार फायदा नाही, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ होतो.

एवढ्या जवळून एका वेळी जेमतेम एखादा मिलिमीटर भाग शार्प येतो, कधी तेवढाही नाही. जास्वंदीची नळी तर दोन तीन इंच पुढे आलेली असते, म्हणजे टोकाच्या टिकल्यांवर फोकस केलं की पाकळ्या धूसर आणि पाकळ्यांवर केलं की टिकल्या गेल्या. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे फूल बाजूने काढायचं, नळी सेन्सरला समांतर ठेवून, म्हणजे सगळी नळी एका फोटोत बऱ्यापैकी शार्प येते. दुसरा फोकस स्टॅकिंग, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून फोकस थोडं थोडं मागे नेत दहा पंधरा फोटो काढायचे आणि नंतर जोडायचे. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो लेयर म्हणून, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांसारखे, उघडा, आधी ऑटो अलाइन लेयर्स, मग ऑटो ब्लेंड लेयर्समध्ये स्टॅक इमेजेस, झालं. फोटोशॉप नसेल तर तीनच फोटो काढा, टोक, मध्य, पाकळ्या, एकावर एक लेयर लावा आणि मास्कने (लेयरचा नको तो भाग न पुसता नुसता लपवायची सोय) ज्याचा जो भाग शार्प तो ठेवा. फोकस बदललं की फुलाचा आकार किंचित लहान मोठा होतो तेवढा ट्रान्सफॉर्मने जुळवून घ्यावा लागतो, वेळ जातो पण जमतं. आणि सगळंच शार्प पाहिजे असं काही नाही. मी परागकोश आणि एक पाकळी शार्प ठेवते, बाकी धूसर, कारण त्या धूसर जागेतच पुढे चित्राला जागा मिळते.

लाल रंगाबद्दल मात्र नीट सांगते, कारण यात माझं एक अख्खं काम वाया गेलं. पहिली जास्वंद मी मोठ्या हौसेने ए३ वर प्रिंट केली, आणि प्रिंट हातात आलं तर पाकळ्या प्लास्टिकच्या, एकसारखा लाल पट्टा, शीर नाही, घडी नाही. आधी मला छपाईवाल्याची चूक वाटली, त्याच्याशी थोडं बोलणंही झालं, पण घरी येऊन फाइल उघडली तर फाइलमध्येच काही नव्हतं. झालं होतं असं की कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (फोटोत अंधार किती आणि उजेड किती हे दाखवणारा आलेख) बरोबर दिसत होता पण त्यात वेगळा न दिसणारा लाल चॅनल एकटा उजवीकडे आपटून कापला गेला होता, आणि कापलेला तपशील नंतर कशानेही परत येत नाही. म्हणून लाल, गडद गुलाबी, केशरी फुलांना कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल बघा, आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी ठेवा. मोबाईलवर फुलावर टॅप करून सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, शिरा दिसायला लागेपर्यंत. फोटो थोडा काळपट वाटेल, वाटू दे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढता येत असेल तर रॉमध्येच काढा.

फुलाच्या मागे दीड दोन फुटांवर काळी कार्डशीट किंवा काळा टीशर्ट टांगा. काळी पार्श्वभूमी छान दिसते म्हणून नाही, तर पुढे कामाला येते म्हणून. डिजिटल चित्रात स्क्रीन नावाचा ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारी सेटिंग) असतो, त्यात काळं नाहीसं होतं आणि उजळ तेवढं उरतं. मल्टिप्लाय मोड बरोबर उलटा, त्यात पांढरं नाहीसं होतं. म्हणजे फोटो काढतानाच ठरवायचं की हे गडद चित्रात जाणार की उजळ चित्रात, गडद असेल तर मागे काळं, उजळ असेल तर मागे पांढरं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम कॅमेऱ्यातच होतं.

एक बाजूची गोष्ट. रानफुलांवर हे करायचं असेल तर जरूर करा, कास पठारावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सोनकी, तेरडा, सीतेची आसवं असं खूप असतं, पण तिथे मॅक्रोच्या नादात फुलांवर आडवे पडणारे लोक मी पाहिलेत आणि फार वाईट वाटतं. सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं, एका फोटोसाठी टेकवलेल्या कोपराखाली अशी किती जात असतील. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेची फुलं टेलीफोटोने काढा. आणि तोडून घरी आणून तर नकोच.

आता स्क्रीनसमोर. मी क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि पुरेसं आहे, आयपॅडवाल्यांना प्रोक्रिएट, नुसता मोबाईल असेल तर आयबिस पेंट, खाली सांगतेय ते तिन्हीत होतं, बटणांची नावं थोडी इकडे तिकडे. कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. ए४ ला ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल, ए३ ला ३५०८ बाय ४९६१. नंतर मोठं केलं की रेषा फुटतात. मूळ फोटोचा लेयर लॉक करून ठेवा आणि त्याच्या कॉपीवर काम करा. आधी फोटोचं सगळं करेक्शन, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, डाग, मगच चित्र, नाहीतर रंग जुळवलेले सगळे परत बदलावे लागतात.

फूल सुटं करायला इरेजर अजिबात नको, मास्क वापरा. इरेजरने गेलेलं गेलं, मास्कमध्ये काळ्याने लपवलेलं पांढऱ्याने परत आणता येतं. मागे काळं असल्यामुळे सिलेक्शन सोपं होतं. पण पाकळीच्या धूसर कडेला मास्कही धूसर हवा, तिथे मऊ ब्रश, आणि शार्प कडेला कडक ब्रश. सगळीकडे एकसारखी कडक कड ठेवली की कात्रीने कापून चिकटवलेलं दिसतं.

आता लेयरची रचना अशी: सगळ्यात खाली पार्श्वभूमीचा रंग, त्यावर मागची रांगोळी, त्यावर फूल, त्यावर पुढची रांगोळी. म्हणजे काही रेघा पाकळीमागून जातात आणि काही पाकळीवरून येतात, आणि फूल चित्राच्या आत बसतं. पार्श्वभूमीला मी निव्वळ काळा ठेवला नाही, तो निर्जीव दिसतो. अंगणात सडा घालून गेरूने सारवलेली जमीन डोळ्यासमोर होती, पण लाल फूल गेरूवर बुडतं, करून बघितलं, म्हणून गेरू अगदी खोल केला, जवळजवळ काळपट तपकिरी.

मग ठिपके. नवीन लेयर, आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलायचं टूल) परागकोशाचा पिवळा उचलायचा, एका पिक्सेलचा नको, आजूबाजूचा सरासरी घ्या. नळीच्या अगदी जवळचे ठिपके परागकोशाच्याच आकाराचे आणि त्याच रंगाचे काढा, इतके की खरा कुठला आणि काढलेला कुठला हे क्षणभर कळू नये. तिथून दूर जाताना ते विखरू द्या, आधी वेडेवाकडे, वाऱ्याने उडाल्यासारखे, आणि मग हळूहळू ओळीत यायला लागतात. शेवटी ते ७ ते ४ च्या ठिपक्यांत बसतात, म्हणजे मधली ओळ सातची आणि दोन्हीकडे सहा, पाच, चार, एकूण ३७ ठिपके. ती जाळी मी वेगळ्या लेयरवर फिकट काढून खाली गाइड म्हणून ठेवली होती. रंगही वाटेत बदलतो, पिवळा, मग फिकट पिवळा, मग रांगोळीचा पांढरा. तो पांढराही शुभ्र घेऊ नका, किंचित पिवळट ठेवा, नाहीतर फोटोतल्या कुठल्याही उजेडापेक्षा तोच जास्त चमकतो आणि डोळा तिथेच अडकतो.

ठिपके जोडणाऱ्या रेघांनी मला सगळ्यात जास्त त्रास दिला. डिजिटल ब्रशची रेघ फार गुळगुळीत येते. खरी रांगोळी चिमटीतून सुटते, सुरुवातीला थोडी जाड पडते, मध्ये बारीक होते, कडेला दाणे सांडतात. चार पाच ब्रश बदलून बघितले, पटेना. शेवटी काळ्या कार्डशीटवर खरी रांगोळी ओढली, वीस पंचवीस रेघा, सरळ, वळणदार, ठिपके, आणि त्याच क्लोजअप सेटअपने त्यांचे फोटो काढले. मागे काळं, म्हणजे स्क्रीन मोड लावला की फक्त रांगोळी उरली. त्या रेघा फिरवून, वाकवून जाळीवर बसवल्या आणि जोड तेवढे हाताने ब्रशने भरले. ज्यांची आई किंवा आजी रोज रांगोळी काढते त्यांनी रेघ तिच्याकडूनच ओढून घ्या, माझ्यात आणि आईच्यात फरक लगेच दिसतो, तिची रेघ एका दमात येते. चित्रातल्या मोठ्या वळणाच्या रेघा आईच्याच आहेत.

जे एकदम समान वळणाचं हवं, चारी बाजूंनी सारखं, तिथे सिमेट्री टूल वापरा, क्रितामध्ये मल्टिब्रश आहे, प्रोक्रिएटमध्ये ड्रॉइंग गाइडमधली रेडियल सिमेट्री, आयबिसमध्ये सिमेट्री रूलर. पण सगळं चित्र त्याने करू नका, खऱ्या जास्वंदीची एक पाकळी नेहमी थोडी दुमडलेली असते.

इथपर्यंत आलं तरी फोटो आणि चित्र वेगवेगळं दिसू शकतं, आणि त्याला बहुतेक तीनच कारणं असतात. पहिलं ब्लर. फोटोत मागची पाकळी धूसर आहे आणि तिच्याही मागची रांगोळी एकदम शार्प, हे डोळ्याला पटत नाही. मागच्या रांगोळीला गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, शेजारच्या पाकळीइतका. दुसरं ग्रेन. फोटोत आयएसओमुळे बारीक दाणा असतो आणि काढलेला भाग साफ असतो, म्हणून सगळ्यात वर हलका नॉइज द्या, अख्ख्या चित्राला एकत्र. तिसरं सावली. माझ्या फोटोत प्रकाश डावीकडून होता, मग पाकळीवर पडलेल्या प्रत्येक ठिपक्याची उजवीकडे बारीक सावली हवी. नवीन लेयर, मल्टिप्लाय, रंग काळा नाही तर पाकळीचाच गडद लाल, ओपॅसिटी (रंग किती गडद दिसावा ते) ३०–४० टक्के. पाकळीच्या घडीवरून रेघ जात असेल तर ती घडीबरोबर वाकवा. या सावल्यांना मला एक अख्खी दुपार लागली, पण झाल्यावर जो फरक दिसला त्यासाठी आणखी एक दुपार दिली असती.

मध्ये मध्ये सगळ्यात वर एक राखाडी रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याला कलर मोड द्या, चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, आणि उजेड अंधाराची मांडणी चुकली असेल तर तिथेच कळतं. बघून झालं की तो लेयर बंद करा. चित्र आडवं फ्लिप करूनही बघा, एका बाजूला कललं असेल तर लगेच दिसतं.

एका क्लिकमध्ये फोटोचं ऑइल पेंटिंग करणाऱ्या फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. मी वापरत नाही. तो पाकळीवर, पानावर आणि मागच्या भिंतीवर तोच फटकारा मारतो, त्याला शीर कुठे चाललीये ते माहीत नसतं. तुम्ही दहा मिनिटं बसून ते फूल पाहिलेलं असतं.

आकाराचं म्हणाल तर दरवेळी चौकोनच हवा असं नाही. सावंतवाडीची गंजिफा बघा, गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावतारी गंजिफेत असे १२० पत्ते असतात. जास्वंद समोरून काढली की ती गोलात फार सुंदर बसते, आणि कडेच्या गोल पट्टीत त्याच फुलाची कळी आणि पानाचे दाते घेऊन वेल फिरवता येते. मी अशी तीन फुलं केलीत, जास्वंद, प्राजक्त आणि अनंत. प्राजक्ताला केशरी देठापासून सुरुवात केली, तो फुलाचा सगळ्यात जिवंत भाग.

प्रिंट काढायचं असेल तर लेयरवाली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा आणि प्रिंटची कॉपी वेगळी. स्क्रीनवरचा भडक लाल, निळा, जांभळा छापल्यावर फिका पडतो, शाईला तेवढा रंग येतच नाही. अख्खं ए३ छापण्याआधी पाकळी, ठिपके आणि गडद पार्श्वभूमी तिन्ही येतील असा एक छोटा तुकडा त्याच कागदावर छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. माझी पार्श्वभूमी पहिल्या तुकड्यात पार काळी आली होती, गेरूचा मागमूस नाही, थोडी उजळल्यावर दुसऱ्या तुकड्यात तो दिसला.

सध्या गोकर्ण घेतलंय. टॅबवर पांढरी स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला, त्यावर बटर पेपर, त्यावर काच, आणि काचेवर एक निळी पाकळी. बटर पेपर आणि काच यामुळे टॅबचे पिक्सेल फोटोत येत नाहीत. खालून उजेड आल्यावर त्या निळ्यात इतक्या बारीक शिरा दिसतात की बस. मागे पांढरं असल्यामुळे हा फोटो मल्टिप्लायने जाणार, खाली हातकागदाचा स्कॅन आहे, आणि शिरा पाकळीबाहेर नेऊन त्यांचं काय करायचं ते अजून वहीत चाललंय.